उघड्या पोत्यांचं दुकान

मला धान्यातलं कळतं, ही माझी जुनी घमेंड. ज्वारीचा दाणा दाताखाली धरला की तो नवा की जुना, किती वाळलेला, त्याची भाकरी थापताना चिरेल की नाही, हे मी सांगायची आणि बहुतेक वेळा ते खरं ठरायचं. सातारा जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावात वाढलेल्या कुठल्याही बाईला एवढं येतं. पण तुर्भ्याच्या वस्तीत मी ते जरा जास्तच मिरवलं. त्या मिरवण्यानंच एका शुक्रवारी माझा घात केला. 

धान्याचा घाऊक बाजार मुंबईतून इकडे हलला तेव्हा माथाडी म्हणून आमचे नवरे त्याच्यामागे आले आणि नवऱ्यांच्या मागे आम्ही. ज्यांचा नंबर लागला त्यांना कोपरखैरण्यात पक्की घरं मिळाली. बाकीचे आम्ही तुर्भ्यात, खदानीच्या अंगाला, पत्र्याच्या खोल्यांत. रस्ता ओलांडला की गोदामांच्या रांगाच रांगा. आमचे नवरे दिवसभर पाठीवरून गहू, तांदूळ, डाळी वाहायचे आणि आम्ही मात्र वस्तीतल्या एकुलत्या एका दुकानातून खडे घातलेली डाळ घ्यायचो, तीही पुडीत. बाजारात पोत्याहून कमी कुणी विकत नसे. वस्तीतला दुकानदार फळीच्या पलीकडे उंच बसायचा. आपण बोट दाखवायचं, तो पुडी बांधून फेकणार. धान्याला हात लावला की खेकसायचा, "हात लावून काय कळनार तुला?" हे त्यानं मला म्हणावं! मी घरी येऊन भांडी आपटायची.

आमचं दुकान खरं तर त्या रागातून निघालं. आधी आम्ही दहा बायका मिळून एक पोतं घ्यायचो आणि ओट्यावर बसून वाटून घ्यायचो. वस्तीत एका संस्थेच्या ताई यायच्या, बायकांची वजनं करायला, मुलांना डोस पाजायला. त्यांनी आमची ती वाटणी पाहिली आणि म्हणाल्या, याचं दुकानच का करत नाही? संस्थेनं एका वर्षासाठी खोलीचं भाडं आणि एक वजनकाटा द्यायचं कबूल केलं. आम्ही पाच जणी त्यात पडलो. सगळ्यांत मोठी होती तिला सगळे आक्का म्हणायचे. शांत बाई, कधी आवाज चढवणार नाही. माझं बरोबर उलटं.

दुकान कसं असावं हे मात्र आम्हीच ठरवलं. फळी नको. भिंतीला लागून उघडी पोती, प्रत्येक पोत्यात एक माप. बाईनं आत यावं, दाणे हातात घ्यावेत, चावून बघावेत, स्वतःच्या हातानं भरावं, स्वतःच काट्यावर ठेवावं. एका वेळच्या भाकरीपुरतं घेतलं तरी चालेल. उधारी नाही, म्हणून वहीही नाही. कुणी काय नेलं याची कुठं नोंद नसायची आणि याचाच आम्हाला अभिमान होता. बायका सुरुवातीला दारात अडखळायच्या. मग सवय झाली आणि नंतर तर धान्य घ्यायचं नसलं तरी पोत्यात हात घालून उभ्या राहायच्या.

वर्ष संपत आलं होतं. महिन्याभरात संस्थेचे मोठे साहेब दुकान बघायला येणार होते. त्यांना आवडलं तर तुर्भ्यात आणि कोपरखैरण्याच्या कडेला अशी आणखी तीन दुकानं काढायला ते मदत करणार होते. ताई येता-जाता सांगायच्या, "महिनाभर काही गडबड होऊ देऊ नका हं." मला ते टेन्शन झोपेतही असायचं. पोती उघडी म्हणजे उंदीर आले, घूस आली, पाऊस आला, सगळं आलं. मी दिवसातून चार वेळा प्रत्येक पोतं कोपरापर्यंत हात घालून तपासायची.

गोदामात हुकानं फाटलेली, थोडी सांडलेली पोती व्यापारी माथाड्यांना स्वस्तात देत. आमच्या घरच्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, टोळी अशी पोती सरळ आमच्या दुकानात आणून टाकायची. त्या गुरुवारी सकाळी एक ज्वारीचं पोतं आलं. साधा बारदाना, वर काही छाप नाही. तोंड सोडलं तर आत ज्वारी तांबूस. बोटांना रंग लागला.

"तांबडी दिसतीया की गं," आक्का म्हणाली.

मी दाणे तळहातावर चोळले, हुंगले, आणि मला माहेर आठवलं. आमच्याकडे धान्य साठवताना कीड लागू नये म्हणून राख चोळतात, कडुनिंबाचा पाला घालतात. तुरीला, मटकीला तांबडी माती चोळतात. माझी आई ज्वारीलाही ती माती, म्हणजे काव, लावायची. दाणा चावला तर किंचित कडू. मी म्हटलं, पाल्याचा कडवटपणा आहे. मला एकदाही शंका आली नाही. उलट मी फुगले. दारातून येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, "गावाकडची हाय बायांनो, काव लावलेली. कुनीतरी शेतकऱ्यानं घरी खायला ठेवलेली असनार. दोन पान्यानं धुवा, वाळवा आन् मग दळा. असली भाकरी मुंबईत मिळायची न्हाई."

माझ्या शब्दावर पोतं दुपारपर्यंत रिकामं झालं. कधी न येणाऱ्या बायकाही आल्या. वरच्या गल्लीत, पाण्याच्या टाकीजवळ राहणारी एक वयस्कर मावशी होती. ती कायम त्या फळीवाल्या दुकानातूनच घ्यायची, आमच्या दुकानाला पोरखेळ म्हणायची. तीही आली. दाणे हातात घेऊन म्हणाली, "माज्या सासूच्या हातची काव अशीच असायची." आणि मोठी पिशवी भरून घेऊन गेली. ती आली याचा मला इतका आनंद झाला की मी तिला दारापर्यंत पोचवायला गेले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, भर दुपारी आमचे घरचे दुकानाच्या दारात उभे. ते बाजारातून त्या वेळी कधीच येत नसत. अंगावर धुळीचा थर, डोक्यावरचं फडकंही सोडलेलं नाही.

"कालचं ज्वारीचं पोतं कुठाय?" त्यांनी विचारलं.

"संपलं की. का?"

ते तिथंच पायरीवर बसले. हळूहळू एकेक शब्द काढत त्यांनी सांगितलं. गोदामात बियाण्याचा माल उतरला होता. त्यातलं एक पोतं हुकात अडकून फाटलं. टोळीतल्या दोघांनी सांडलेली ज्वारी साध्या बारदान्यात भरून बाजूला ठेवली आणि ते गडी दुसऱ्या गाडीवर गेले. नंतर फाटक्या पोत्यांबरोबर तेही आमच्याकडं आलं. आज बियाण्याची पोती कमी भरली तेव्हा गोदामाचा हिशेब ठेवणाऱ्या मेहताजींनी विचारलं आणि सगळा उलगडा झाला.

"बी हुतं ते. पेरायचं. औषध चोळल्यालं," ते म्हणाले. "मेहताजी म्हनलं, जनावरालासुदिक घालू नका."

माझ्या तोंडात तो कडवटपणा परत आला. खरंच आला, जिभेच्या मुळाशी. मी स्वतः आदल्या दिवशी चार-पाच दाणे चावले होते, पण त्याची मला त्या वेळी काहीच भीती वाटली नाही. डोळ्यांसमोर नुसत्या पिशव्या येत होत्या. कुणाकुणाच्या पिशव्या? तीसेक घरं असतील. कोणती तीस? नोंद नाही. मी नावं आठवायला लागले आणि दहाव्या-बाराव्या नावापाशी डोकं बधिर झालं.

एवढ्यात आक्काला एक गोष्ट सुचली आणि मला जरा धीर आला. शुक्रवारी कारखान्यांच्या पट्ट्यातली वीज बंद असायची आणि त्याबरोबर आमची पिठाची चक्कीही. काल धुतलेली ज्वारी वाळायला आजची सकाळ गेली असणार. म्हणजे दळण अजून कुणाचं झालेलं नाही. दळल्याशिवाय भाकरी नाही. आपल्याकडे उद्या सकाळपर्यंतचा वेळ आहे.

मग आक्का म्हणाली, "औषधाचं बोलायचं न्हाई."

"म्हंजी?" मी विचारलं.

"ऐक. ईख म्हनून सांगितलंस तर सांजच्यापतूर खदानीपतूर बातमी जाईल. पुन्हा या दारात बाई पाय ठेवनार न्हाई. साहेब येतील त्यास्नी काय दाखवायचं? किडं लागल्यात म्हनून सांगू. ज्वारी परत आना, बदली चांगली घेऊन जा. तेवढ्यानं काम हुतंय. कुनाच्या पोटात जायच्या आत परत येती. मग कशाला बोभाटा?"

मी भांडकुदळ बाई. फळीवाल्याशी भांडणारी, रेशनच्या रांगेत भांडणारी. त्या वेळी मात्र मी भांडले नाही. कारण मला तेच हवं होतं. दुकान वाचावं, आणि त्याहून जास्त, मीच ती ज्वारी चावून पास केली होती हे कुणाला कळू नये. आक्कानं ते माझ्या मनातलं बोलून दाखवलं, इतकंच. मी मान हलवली. आमच्या घरच्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि ते परत बाजारात गेले.

आम्ही पाच जणींनी गल्ल्या वाटून घेतल्या. मी आधी चक्कीवर पळाले. चक्की मूळच्या तुर्भे गावातल्या एका म्हाताऱ्या आगरी बाबांची होती. ते बंद चक्कीसमोर बाकावर बसले होते. उद्या पहिला नंबर लागावा म्हणून बायकांनी डबे आजच आणून ओळीनं ठेवले होते.

"काय गो, काय झाला?" मला धापा टाकताना बघून त्यांनी विचारलं.

"बाबा, काल आमच्या दुकानातनं जवारी गेली. किडं हाईत त्यात. डबं बघू का?"

त्यांनी हातानंच बघ म्हटलं. मी एकेक झाकण उघडत गेले. गहू, तांदूळ, गहू, मग तांबूस ज्वारी. धुऊनही तांबूस. असे सात डबे निघाले. प्रत्येक डब्यावर खडूनं खूण होती, त्यावरून बाबांनी घरं सांगितली. मी सातही डबे उचलून दुकानात नेऊन ठेवले आणि मनात म्हटलं, होईल, सगळं मिळेल.

पण घरांत गेले तिथं सगळं अडलं. मी जिला जिला सांगत होते, किडे लागलेत, परत दे, ती ती हसत होती.

"किडं न्हवं का? चाळून घेते मी."

"आज कडक ऊन हाय. पत्र्यावर टाकलीया, सगळं किडं पळत्यात."

"एवढ्याशा किड्यापायी धान्य परत करायचं म्हंजी काय! आमी काय शेठानी हाय का?"

हे मला आधी कळायला हवं होतं. मी त्याच मातीतली. किडे लागले म्हणून धान्य परत करणारी बाई आमच्या गावात जन्माला आलेली नाही. आम्ही किडके दाणे पाखडतो, चाळतो, उन्हात घालतो, वर धान्याचा अपमान केला म्हणून परत देणारीलाच बोलतो. आमच्या भल्या खोट्यानं बायका घाबरतच नव्हत्या. त्यांना घाबरवायचं तर खरं सांगायला हवं होतं, आणि खरं माझ्या ओठापर्यंत येऊन परत जात होतं. प्रत्येक दारात मी जास्त जोरानं 'किडे' म्हणत होते. काहींनी माझा चेहरा बघून दिली. काहींनी नाही दिली.

मग मी वरच्या गल्लीत त्या मावशीच्या दारात गेले. दाराला आंब्याची डहाळी लावलेली. आत बायकांचा गलका, स्टोव्हचा आवाज. मावशी पदर खोचून बाहेर आली.

"मावशी, कालची जवारी परत द्या. किडं हाईत त्यात."

"किडं? मला न्हाई दिसलं. आन् असलं तर असूंद्यात, किडं काय मान्सं खात्यात व्हय?" ती हसली. "आत्ता मला येळ न्हाई बग. घरात पावनं हाईत. सांजच्याला ये."

ती आत वळली. मी दारात उभी होते. एकदा वाटलं, ओरडून सांगावं. पण आत पाहुणे, आणि चक्की तर बंद आहे, उद्यापर्यंत भाकरी होत नाही, संध्याकाळी येऊन घेऊन जाऊ. माझ्या मनानं ही सगळी कारणं भराभर पुढं केली आणि मी खाली उतरले.

दुकानात परत आलेली ज्वारी आम्ही एका पोत्यात ओतली. पोतं अर्ध्याच्या थोडं वर आलं. आक्का म्हणाली, बाकीची उद्या सकाळी चक्कीवर धरू. मी पोत्याकडं बघत बसले.  

चारच्या सुमाराला वरच्या गल्लीतली एक बाई गूळ घ्यायला आली. काट्यावर गूळ ठेवता ठेवता म्हणाली, "येत न्हाई व्हय तुमी? मावशीच्या लेकीच्या बाळाचं बारसं हाय न्हवं. मावशी तुमचं लई कौतुक करत हुत्या. रात्री भिजत घातली हुती जवारी, आता घुगऱ्या शिजल्यात बगा. पयलं पानी लालभडक निघालं, काव लई लावली हुती म्हनत्यात."

घुगऱ्या. अख्खी ज्वारी शिजवून करतात त्या. दळायचं कामच नाही.

मी अनवाणी पळाले. ती चढण रोजची, पण त्या दिवशी ती संपेना. वाटेत मी देवाला काय काय बोलले ते मला इथं लिहवत नाही. मला एकच दिसत होतं, की त्या खोलीत वाट्या वाटल्या जातायत आणि बायका हसतायत.

मी आत शिरले तेव्हा पाळणा टांगून झाला होता. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मधोमध मोठं पातेलं, वर वाफ. मावशी वाट्या भरत होती. दोन-तीन वाट्या बायकांच्या पुढ्यात पोचल्या होत्या, पण नाव ठेवायच्या आधी कुणी खाल्लं नव्हतं. एक वाटी बाळंतिणीच्या जवळ ठेवलेली. बाळ पदराखाली पीत होतं, म्हणून तिचे हात अडकले होते.

मी आधी ती वाटी उचलली.

"मावशी, कुनी खाऊ नका. त्यात किडं न्हाईत. औषध हाय. पेरायचं बी हाय ते, ईख चोळल्यालं. मी दुपारी खोटं बोलले."

 खोलीत एकदम गलका झाला. कुणी म्हणालं, बारशाच्या घरात असलं बोलतात का. बाळंतिणीनं बाळाला घट्ट धरलं आणि रडायला लागली. मावशी माझ्याकडं बघत होती. तिच्या हातात पळी तशीच होती.

"मी खाल्ल्या," ती म्हणाली. "मीठ बगायला. दोन पळ्या."

मी पातेलं बाहेर नेऊन गटारात ओतलं. शेजारच्या कोंबड्या धावल्या तर दगड मारून हाकलल्या. तोवर मावशीला मळमळायला लागलं होतं. रिक्षा केली आणि तिला वाशीच्या दवाखान्यात नेलं. मी रिक्षात बसले, पण ती माझ्याकडं पाठ करून मुलीच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. डॉक्टरांनी पोट धुतलं. काय औषध होतं विचारलं, आणि मला ते सांगता येईना. दवाखान्याच्या बाकावर बसून मी एकच मागत होते, की ही बाई मरू नये. दुकान, साहेब, तीन दुकानं, यातलं काही मला आठवलंसुद्धा नाही. ज्वारी भिजवलेलं पाणी तिनं ओतून दिलं होतं, खाल्लंही थोडंच होतं, म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं.

त्या शुक्रवारीच संध्याकाळी, दवाखान्यातून परतल्यावर, अजून उजेड होता तेवढ्यात, मी वस्तीच्या चौकातल्या नळाशी उभी राहिले आणि माझ्या भांडणाच्या आवाजात सगळं सांगितलं. बी कसं आलं, मी काव कशी म्हटलं, दुपारी किडे कसे म्हटले. आक्का माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. कुणी शिव्या दिल्या. पण अर्ध्या तासात राहिलेली सगळी ज्वारी दुकानाच्या पायरीवर आली. जिनं दुपारी 'आमी काय शेठानी हाय का' म्हटलं होतं तिनं पिशवीसकट आणून टाकली. पोतं भरलं, तीन-चार ओंजळी कमी, म्हणजे मावशीच्या पातेल्यातल्या. ती ज्वारी आम्ही खड्डा खणून पुरली.

त्यानंतर दुकानात कुणी येईना. उघडी पोती उघडीच राहिली. रस्त्यानं जाणाऱ्या बायका आमच्याकडं न बघता त्या फळीवाल्याकडं जायच्या. तो मला बघून हसायचा, आणि मला राग यायचा तोही अर्धवट. ताई आल्या. मी सांगत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. साहेब आले तेव्हा मी त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पुढची तीन दुकानं तूर्त थांबवली, आमचं मात्र आणखी सहा महिने बघू म्हणाले. ताई जाताना एवढंच म्हणाल्या, की प्रत्येक पोत्याचा छाप जपून ठेवा आणि वही घाला. आम्ही दोन्ही केलं.

पण छापानं आणि वहीनं बायका परत येत नाहीत, हे मला कळत होतं. मग मी माझं मी ठरवलं. कुठलंही नवं पोतं आलं की त्यातलं ओंजळभर मी दुकानाच्या दारातच शिजवायचं, सगळ्यांसमोर पायरीवर बसून खायचं, आणि पोतं विकायला दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायचं. पहिल्या वेळी आक्का मला नको म्हणाली. मी ऐकलं नाही. बायका सुरुवातीला लांबून बघायच्या. सकाळी एखादी डोकावून विचारायची, "हाईस का गं जित्ती?" मी म्हणायची, "ये, चिमटा काढून बघ." त्या हसायच्या, मीही हसायची. पण दर वेळी तो पहिला घास तोंडात घेताना माझ्या जिभेच्या मुळाशी कडवट व्हायचं, आणि सकाळपर्यंत मी पोटाची एकेक हालचाल मोजत पडायची. वर्षभर तसं चाललं. हळूहळू निम्म्या बायका परत आल्या.

त्या बारशाला तीनेक महिने झाले असतील. नवी ज्वारी आली होती. मी पायरीवर बसून शिजवलेली ज्वारी खात होते. समोर चार-पाच बायका उभ्या होत्या. मावशी आली. हातात रिकामी पिशवी. मावशी वाळली होती. तोवर ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, आणि तिच्या गल्लीत जायची माझी हिंमत झाली नव्हती. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि मी खाते आहे ते बघत राहिली.

मग तिनं विचारलं, "त्या दुपारी तू माज्या दारात आलीवतीस. तवा का सांगितलं न्हाईस?"

मी तोंडातला घास गिळला. किती उत्तरं मी मनात जुळवून ठेवली होती. चक्की बंद होती, पाहुणे होते, घुगऱ्यांचं मला ठाऊक नव्हतं. सगळी खरी होती.

"दुकान बंद पडंल म्हनून," मी म्हटलं. "आन् मला लाज वाटली म्हनून."

"लेक खानार हुती माजी," ती म्हणाली. "पोरगं पीत हुतं म्हनून राहिली."

"व्हय मावशी."

 ती पिशवीची घडी काखेत धरून वळली, रस्ता ओलांडून त्या फळीवाल्याच्या दुकानापाशी गेली आणि बोट दाखवून काहीतरी मागितलं. समोरच्या बायका कधी तिच्याकडं, कधी माझ्याकडं बघत होत्या. ताटलीत अजून अर्धी ज्वारी होती. मी ती संपवली.